कंत्राटदाराची खरी देणगी

मराठीतील काही शब्दांची पत कालौघात घसरत गेली. ‘पुढारी’ हा त्यांपैकी एक आणि ‘कंत्राटदार’ हा दुसरा. पहिल्याच पावसात उखडलेला रस्ता, उद्घाटनानंतर वर्षभरात गळू लागलेली शाळा, पाण्याचा थेंबही न चढलेली पाण्याची टाकी, अशी दृश्ये या शब्दासरशी डोळ्यांपुढे उभी राहतात. दुसरीकडे गणेशोत्सवाची कमान, कबड्डी स्पर्धेचा चषक, हरिनाम सप्ताहाच्या महाप्रसादाचा फलक, स्मशानभूमीतील सिमेंटचे बाक या सर्वांवर कंत्राटदाराचेच नाव झळकत असते. ज्याच्या नावाने गाव बोटे मोडते, त्याच्याच दारी गाव पावतीपुस्तक घेऊन जाते. यात दोघांनाही काही वावगे वाटत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

कंत्राटदाराची सामाजिक बांधिलकी हा विषय निघाला, की चर्चा बहुधा देणगीपाशी येऊन थांबते. कोणी शाळेला किती दिले, कोणी रक्तदान शिबिराला मंडप घातला, कोणी वारकऱ्यांना छत्र्या वाटल्या याचा हिशेब सुरू होतो. दातृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. अनेक गावांतील वाचनालये, व्यायामशाळा आणि मंदिरांचे जीर्णोद्धार अशा देणग्यांवरच उभे राहिले. परंतु ज्या माणसाचा व्यवसायच भिंती उभारणे आणि सांभाळणे हा आहे, त्याचे समाजाशी असलेले नाते त्याच्या पावत्यांवरून मोजावे, की त्याच्या भिंतींवरून? हा प्रश्न विचारण्याची सवयच सुटली आहे.

डागडुजीचे वेगळे शास्त्र

नवी इमारत परगावचा माणूसही बांधू शकतो. नकाशा असतो, परिमाणे असतात, दर ठरलेले असतात. जुन्या वास्तूच्या नूतनीकरणाचे तसे नसते. तेथे रोग आत असतो आणि लक्षण बाहेर दिसते. काँक्रीटच्या स्तंभावर बारीक उभी भेग दिसते, पण आत सळई गंजलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटचे आवरण आतून फुटत जाते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने घडते. अशा स्तंभावर गिलावा करून रंग मारला, तर इमारत सुंदर दिसते आणि आतला क्षय मात्र निर्वेध चालू राहतो. योग्य उपाय कष्टाचा आहे. सैल झालेले काँक्रीट तोडायचे, सळई गंज खरवडून स्वच्छ करायची, गरज असेल तेथे नवी सळई जोडायची, मगच नवे आवरण चढवायचे आणि त्यावर किमान सात दिवस नेमाने पाणी मारायचे. हे काम पूर्ण झाले, की बाहेरून पाहणाऱ्याला त्यातील काहीही दिसत नाही.

जुन्या वाड्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुन्याची भिंत ओल शोषते आणि ती बाहेर सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला, की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि काही वर्षांत नवा गिलावा पोपडे धरून सुटतो. पूर्वीचा गवंडी चुना घाणीत मळून घेत असे, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत असे. ते जाणणारी माणसे आता मोजकी उरली आहेत. वाडा ‘दुरुस्त’ करताना त्याचे आयुष्य कमी केल्याची उदाहरणे पुण्यापासून पैठणपर्यंत कुठेही पाहायला मिळतील.

डागडुजीत नेमके किती काम निघेल, हे गिलावा तोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून अंदाजपत्रक कितीही काटेकोर केले, तरी ते अंदाजपत्रकच राहते. येथे घरमालक किंवा सोसायटी जवळजवळ पूर्णपणे कंत्राटदाराच्या सचोटीवर अवलंबून असते. कमी दराची निविदा भरून काम घ्यायचे आणि मग ‘वाढीव काम निघाले’ म्हणून देयक फुगवायचे, किंवा निघालेले काम झाकून टाकायचे, हे दोन्ही मार्ग त्याला मोकळे असतात. त्या मार्गांनी जाण्यापासून त्याला कायद्याइतकेच आणखी एक बंधन रोखू शकते. त्याच वस्तीत उद्याही तोंड दाखवायचे आहे, हे ते बंधन.

जबाबदारीची जुनी व्यवस्था

गावगाड्यातील सुताराला आणि लोहाराला प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे दाम मिळत नसे. सुगीला शेतकरी बलुते घालीत आणि त्या बदल्यात वर्षभर औतफाटा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याची असे. काम कच्चे केले, तर ते पुन्हा त्यालाच करावे लागे आणि त्याचे वेगळे धान्य मिळत नसे. चांगले काम करण्यात कारागिराचाही लाभ होता. या व्यवस्थेने माणसाला जातीच्या चाकोरीत जखडले, मोबदल्यात अन्याय केला, काहींना गावकुसाबाहेर ठेवले. ती गेली ते योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर काम करणाऱ्याने कामाच्या आयुष्यभर उत्तरदायी राहावे हा विचारही गेला आणि त्या जागी नवे काही आले नाही. आज काम संपते, देयक निघते आणि नाते तुटते.

एकोणिसाव्या शतकातील एक मोठे उदाहरण या संदर्भात आठवते. महात्मा जोतीराव फुले हे व्यवसायाने कंत्राटदारही होते, हे अनेकांना ठाऊक नसते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या माध्यमातून त्यांनी बांधकामांची कंत्राटे घेतली. खडकवासल्याचे धरण आणि येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा संबंध चरित्रकारांनी नोंदविला आहे. बांधकाम खात्यातील लाचलुचपत आणि मजुरांची पिळवणूक त्यांनी जवळून पाहिली होती आणि लेखणीने तिचे वाभाडे काढले. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य बांधवांसाठी खुला केला. सत्यशोधक समाजाच्या कार्याला मुंबईतून पाठबळ देणाऱ्यांमध्येही बांधकाम व्यवसायातील तेलुगूभाषक मंडळी होती. व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही नावे त्या इतिहासात आदराने घेतली जातात.

फुले यांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग बोलका आहे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात भव्य मंडई उभारण्याच्या बेताला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः कंत्राटदार असलेला माणूस बांधकामाच्या मोठ्या कामाला विरोध करतो, याचा अर्थ त्याने धंद्यापेक्षा नगराचे हित वर ठेवले. पुढे १८८६ मध्ये ती मंडई ‘रे मार्केट’ या नावाने उघडली. आज ती ‘महात्मा फुले मंडई’ म्हणून ओळखली जाते. इतिहासाने त्या वास्तूला तिच्या विरोधकाचे नाव दिले. आजच्या किती नगरपालिकांत बांधकाम व्यवसायाशी संबंधित सदस्य अनावश्यक कामाला विरोध करताना दिसेल?

किल्लारीने दिलेला धडा

स्थानिक हातांनी केलेल्या नूतनीकरणाचे मोल महाराष्ट्राने किल्लारीच्या भूकंपात अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. घरेच त्यांच्या मृत्यूला कारण झाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यावर मातीच्या थरांनी जड झालेले माळवद, असे ते बांधकाम. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग सांधणारे आरपार दगड नसल्याने धक्क्यासरशी दोन्ही अंगे विलग झाली आणि माळवद खाली आले.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनाचे दोन ठळक प्रवाह होते. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे प्रामुख्याने बाहेरच्या कंत्राटदारांनी आणि सेवाभावी संस्थांनी बांधली. रुंद रस्ते आखले गेले, घरे रांगेत उभी राहिली. संकटकाळी हे काम झाले, हे ऋण मानलेच पाहिजे. पण अंगण, गोठा, ओसरी, शेजार यांचा जुना मेळ त्या आखणीत बसला नाही. पुढे लोकांनी स्वतःच्या गरजेप्रमाणे जोडबांधकामे केली आणि काही ठिकाणी पुन्हा भूकंपाला न जुमानणारीच पद्धत वापरली. ज्यांनी मूळ घर बांधले, ते केव्हाच निघून गेले होते. विचारायचे कोणाला?

दुसरा प्रवाह दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा. त्यात सुमारे दोन लाख घरांचे काम घरमालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतले. भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, भिंतींना कड्यासारखी बांधून ठेवणारी पट्टी करणे, माळवदावरील माती हलकी करणे, खणाच्या लाकडी सांगाड्याला तिरपे आधार देणे ही तंत्रे गावोगावच्या गवंड्यांना शिकविण्यात आली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातील महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सिमेंटचे प्रमाण बरोबर आहे ना, पाणी मारले जाते ना, याकडे त्या लक्ष ठेवू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडचा हा अनुभव गुजरातेतील गावांना सांगण्यासाठी उपयोगी पडला. किल्लारीचा गवंडी स्वतःच्या गावात राहिला, त्याचे ज्ञान गावात राहिले आणि त्याची चूकही गावातच राहणार होती. म्हणून तो जपून काम करीत होता.

कायद्यातील मोकळी जागा

शहरांमध्ये हाच प्रश्न अधिक भीषण रूपात उभा आहे. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण त्या भाड्यात घरमालकाला साधी कौले बदलणेही परवडेना. इमारती जीर्ण होत गेल्या. अखेर १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्तीची व्यवस्था करणारा कायदा करावा लागला. त्या वेळी १९,६४२ इमारती या व्यवस्थेखाली आल्या. त्यांपैकी हजारो इमारती आजही पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जीव गेले. ती जुनी होती, असे म्हणता येते. पण २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळून १६ बळी घेणारी तारिक गार्डन ही इमारत दहा वर्षांचीही नव्हती. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यानजीक ७४ जणांना चिरडणारी इमारत तर अद्याप बांधूनही झाली नव्हती. वास्तूचे आयुष्य तिच्या वयावर कमी आणि बांधणाऱ्याच्या विवेकावर अधिक ठरते.

कायदे नाहीत असे नाही. महारेराची व्यवस्था मे २०१७ पासून सुरू झाली. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास तो विकासकाने तीस दिवसांच्या आत विनामूल्य दूर करावयाचा असतो. परंतु ज्या नूतनीकरणात किंवा दुरुस्तीत नव्या सदनिकांची विक्री नाही, त्या कामाला नोंदणीची सक्ती हा कायदा करत नाही. कायद्याची रचना ग्राहक आणि विक्रेता यांच्यासाठी असल्याने ते समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा, की नव्या सदनिकेच्या खरेदीदाराला असलेले हे सहज कवच जुन्या इमारतीची दुरुस्ती करून घेणाऱ्या सामान्य सभासदाला लाभत नाही. त्याच्या हाती उरतो तो स्वतः केलेला करारनामा आणि कंत्राटदाराचा शब्द. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करावे लागते. किती संस्था ते अहवाल वाचून त्याप्रमाणे काम करतात आणि किती संस्था रंगाची छटा निवडण्यात सर्वसाधारण सभा घालवतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

स्थानिकपणाची दुसरी बाजू

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खरा आहे. ‘स्थानिक कंत्राटदार’ या शब्दाआड अनेक अपप्रवृत्ती लपतात. गावातील पुढाऱ्याचा पुतण्या, नगरसेवकाचा भागीदार, निविदा भरणाऱ्यांना दम देणारी टोळी, हेही स्थानिकच असतात. राज्य शासनाने छोटी कामे मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारले. हेतू उत्तम होता, परंतु काही ठिकाणी संस्थेत मजूर कागदावर आणि मलिदा भलत्याच्या ताटात, असा प्रकार झाला. अशा कंत्राटदाराला वस्तीची लाज नसते, कारण वस्तीच त्याच्या धाकात असते. त्याची देणगी ही मग गावाचे तोंड बंद करण्याची किंमत ठरते. ज्या मंडळाने त्याच्याकडून कमान घेतली, ते मंडळ त्याने केलेल्या गटाराची तक्रार कशी करणार?

म्हणून केवळ जवळ राहणे पुरेसे नाही. जवळिकीबरोबर हिशेबाची पारदर्शकता हवी आणि जाब विचारण्याचे धैर्य असलेला समाज हवा. किल्लारीतील संवाद सहायक महिलांनी केले ते नेमके हेच. त्यांच्यामुळे गवंड्याचे स्थानिकपण गुणकारी ठरले.

कंत्राटदाराचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. केलेल्या कामाचे पैसे वर्षानुवर्षे अडकून राहिले, तर सचोटीचा माणूस आधी बुडतो आणि लबाड टिकतो. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांना थकीत देयकांसाठी आंदोलने करावी लागली. सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम देण्याचा हट्ट धरणारी कार्यालये आणि गृहनिर्माण संस्था यांनीही अंतर्मुख व्हावे. सात दिवस पाणी मारायला माणूस ठेवावा लागतो, त्याची मजुरी असते. तिच्यासाठी दरात जागाच ठेवली नाही, तर पाणी मारले जाणार नाही, हे साधे गणित आहे. स्वस्त दुरुस्ती मागणारा समाज पुढे महाग अपघात विकत घेतो.

बांधिलकीची कसोटी

तेव्हा कंत्राटदाराची सामाजिक बांधिलकी कशात पाहावी? पहिली गोष्ट, त्याने काम सुरू करण्यापूर्वी काय तोडणार, काय बदलणार, किती खर्च वाढू शकतो, हे रहिवाशांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले का? गिलावा तोडल्यावर जे निघाले, ते झाकण्यापूर्वी त्यांना दाखवून मोजमाप लिहून घेतले का? दुसरी गोष्ट, काम संपल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात तो न बोलावता येऊन गच्ची पाहून गेला का?

तिसरी गोष्ट त्याच्या मजुरांची. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राने कायदा केला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि वर्षातून किमान नव्वद दिवस काम केलेला मजूर कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीस पात्र ठरतो. त्यासाठी त्याला कामाचा दाखला लागतो आणि तो दाखला कंत्राटदाराच्या एका सहीचा प्रश्न असतो. ज्याने शाळेला संगणक भेट दिले, त्याने आपल्या कामावरील बिगाऱ्याला ही एक सही दिली आहे का? परांचीवर चढणाऱ्याला पट्टा आणि शिरस्त्राण दिले आहे का? खडीच्या ढिगाशेजारी खेळणारी मजुरांची मुले शाळेत जावीत, यासाठी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तो एकदा तरी भेटला का? दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. ते काम महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावी व्हावे इतकी बांधकामे आज चालू आहेत.

चौथी गोष्ट कारागिरांची. चुन्याचे काम जाणणारा वृद्ध गवंडी, माळवदाची लाकडे जोडणारा सुतार यांच्या हाताखाली दोन तरुण मुले ठेवून त्यांना तयार करणे, हे एखाद्या सभागृहाला देणगी देण्यापेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक टिकाऊ कार्य आहे. पुढील पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील शहरांपुढे नव्या बांधकामाइतकाच जुन्याच्या रक्षणाचा प्रश्न असणार आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या असंख्य गृहनिर्माण संस्थांनी तिशी ओलांडली आहे. त्यांतील प्रत्येकीचा पुनर्विकास होणार नाही. अरुंद गल्ली, अपुरे चटईक्षेत्र, सभासदांची बेताची ऐपत यांमुळे बहुतेकींना दुरुस्तीवरच तग धरावा लागेल. त्यांच्या दारी मोठा विकासक येणार नाही, कारण त्याला तेथे विकायला काही उरत नाही. येईल तो गावातलाच, चार गवंडी आणि एक टेम्पो बाळगणारा छोटा कंत्राटदार. त्या इमारतींत राहणाऱ्या लाखो कुटुंबांची सुरक्षितता त्याच्या हाती असेल.

त्याचा सन्मान करायचा, तर त्याच्या कामाचा करावा. एखाद्या ग्रामसभेने किंवा सोसायटीने वार्षिक सभेत, दहा वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली गच्ची अजून गळत नाही म्हणून त्या कामाच्या गवंड्याला आणि कंत्राटदाराला नारळ देऊन गौरवावे. आणि जेथे काम बिघडले असेल, तेथे पावतीपुस्तक पुढे करण्यापूर्वी त्याला बिघडलेली भिंत दाखवावी. वर्गणीचे काय ते त्यानंतर पाहता येईल.